परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं तर पगार आणि रोजचा प्रवास कसा जुळतो?

जेटीपार
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच.

मी दाभोळजवळच्या एका गावात राहते आणि खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. एम.ए., बी.एड. झालंय. बारावीपर्यंतचं शिक्षण गावाकडेच, दहावीपर्यंत मराठी माध्यमात.

माझा दिवस असा असतो. साडेपाचला उठायचं, डबा भरायचा, जेटीपर्यंत वीस मिनिटं चालायचं, फेरीबोटीने धोपाव्याला उतरायचं. पुढे एस.टी. वेळेवर आली तर एस.टी., नाहीतर वडाप. तिथे चार तासिका घेते, पैसे चारच तासिकांचे मिळतात. पण घर सोडल्यापासून घरी परत येईपर्यंत साडेनऊ तास गेलेले असतात. पावसाळ्यात वारा सुटला की बोट थांबते आणि चिपळूणवरून वळसा घालायचा म्हणजे दिवसच जातो. तासिका बुडली की पैसेही बुडतात, आणि मे महिना तर पूर्ण कोरडा.

आता दोन ठिकाणांहून विचारणा आली आहे. एक थायलंड, मुंबईच्या एका एजंटामार्फत. महिना ३०,००० भात (तिथलं चलन) म्हणतो. "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून मिळतो" असं त्याचं म्हणणं आहे, आणि त्याला १ लाख २० हजार रुपये हवेत. दुसरी ओमानमधल्या एका भारतीय शाळेची जागा, मावसबहिणीच्या ओळखीने कळलेली. मनात कायम होतं ते जपान, पण तिथून काहीच नाही.

जे कोणी तिकडे शिकवतात किंवा शिकवून आलेत त्यांना विचारते: शाळेत खरे किती तास जातात? घर ते शाळा रोज कसं जाता आणि त्याचा खर्च कोण देतं? सुट्टीतला पगार मिळतो का? घरचे विचारतात ते "एकटी राहशील कशी" हे. माझा स्वतःचा प्रश्न मात्र प्रवासाचाच आहे, कारण तो मी गेली पाच वर्षं करते आहे आणि त्याचा हिशेब कोणीच धरत नाही.

कातळावरचा
ताई, एजंटाचं आधी बोलतो, कारण ते थांबू शकत नाही. पैसे देऊ नका. मी २०१७ ते २०१९ थायलंडमध्ये होतो. टुरिस्ट व्हिसावर शाळेत उभं राहणं बेकायदा आहे. पकडलं तर दंड, हकालपट्टी आणि पुढची बंदी तुम्हाला होते, एजंटाला काही होत नाही. शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, वर्क परमिट लागतं, आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा, खुरुसापाचा, तात्पुरता अध्यापन परवाना लागतो. हे सगळं शाळा करून देते. जी शाळा "नंतर बघू" म्हणते ती नंतरही बघत नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलीने आठ महिने असे काढले. दर दोन-तीन महिन्यांनी सीमेवर जाऊन शिक्का मारून यायची, प्रत्येक वेळी स्वतःच्या पैशाने, रात्रीच्या बसने. शेवटी रिकाम्या हाताने परतली.

पगाराचंही स्पष्ट सांगतो. तिथे जाहिरातीतच दोन रांगा असतात. ज्या देशांची मातृभाषा इंग्रजी मानली जाते तिथल्यांची एक, आणि आपली व फिलिपिनो लोकांची दुसरी. काम तेच, वर्ग तेच, पगार वेगळा. आपल्याला इंग्रजीच्या परीक्षेचा दाखलाही द्यावा लागतो, बहुतेक ठिकाणी टोइकचे ६०० गुण मागतात. मला २४,००० भात मिळायचे. तेव्हा एक भात दोन-सव्वादोन रुपयांच्या आसपास होता. आणि करार बारा महिन्यांचा नसतो, हे नीट वाचा. शाळेचं वर्ष मे महिन्याच्या मध्यापासून मार्चपर्यंत. दहा महिन्यांचा करार असेल तर मार्च-एप्रिल तुमचा तुम्ही काढायचा. तुमचा कोरडा मे तिथे एप्रिलमध्ये येईल, एवढाच फरक.

वेळ म्हणाल तर साडेसातला हजेरी, आठला ध्वजवंदन (आठ वाजता राष्ट्रगीत सगळ्या देशात लागतं), साडेचारला सुटका. तासिका आठवड्याला वीस-बावीस, बाकी वेळ खुर्चीत बसायचंच. तास नसला तरी घरी जाता येत नाही.

प्रवासाबद्दल मात्र मी मनापासून चांगलं सांगेन. पहिल्या वर्षी बँकॉकमध्ये रामखम्हेंगला राहत होतो, शाळा प्रतुनामच्या बाजूला. रस्त्याने गेलो तर गर्दीत दीड तास. म्हणून सेन सेप कालव्याच्या बोटीने जायचो. लांबलचक बोट, धक्क्याला जेमतेम काही सेकंद टेकते, तेवढ्यात दोर धरून आत उडी मारायची. पाणी उडायला लागलं की कडेचे लोक दोरी ओढून ताडपत्री वर करतात. तिकीटवाला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत पैसे गोळा करतो. कालव्याचं पाणी काळं, वास येतो, पण पस्तीस मिनिटांत शाळा. तुम्ही रोज धोपाव्याची बोट पकडता म्हणजे तुम्हाला ते पहिल्याच दिवशी जमेल. धक्क्यापासून शाळेपर्यंत नारिंगी जाकिटातले मोटारसायकलवाले. हा सगळा खर्च माझा होता, करारात प्रवासाचा एक शब्द नव्हता.

दुसऱ्या वर्षी दक्षिणेला, नखोन सी थम्मराटकडे गेलो. तिथे सार्वजनिक वाहन म्हणजे सोंगथाव, मागे दोन बाकं टाकलेली गाडी, आपल्या वडापसारखी. संध्याकाळी पाचनंतर मिळत नाही. मग दुचाकी आलीच. इथून जाताना आर.टी.ओ.चा आंतरराष्ट्रीय परवाना काढा, हजार रुपये लागतात, वर्षभर चालतो. पण त्यावर दुचाकीची नोंद आहे ना ते बघून घ्या. नसेल तर अपघातात विम्याचे पैसे मिळत नाहीत. दुचाकीवर माणसं मरण्यात थायलंड जगात फार वरच्या रांगेत आहे. माझ्या शाळेतला एक फिलिपिनो शिक्षक डिसेंबरच्या पावसात घसरला, तीन महिने पायात सळई. शाळेने त्या तीन महिन्यांचा पगार दिला नाही.

देवगड_मिकान
कातळावरचा यांच्या एजंटाबद्दलच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन.

मी जपानात, एहिमे प्रांतात, साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून चौथ्या वर्षाला आहे. माझं शिक्षण पुण्यात इंग्रजी माध्यमात झालं, आणि हेच तुम्हाला आधी सांगायला हवं. शाळांत शिकवायचा जो 'इन्स्ट्रक्टर' व्हिसा आहे त्यासाठी ज्या भाषेत शिकवणार त्या भाषेत बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. मराठी माध्यमातल्या माणसाला तो दरवाजा बंद आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. माझ्याच वाडीतली, माझ्याहून चांगलं इंग्रजी असलेली मुलगी याच एका ओळीवर अडली. पण तुमची वर्षं त्यात जाऊ नयेत म्हणून सांगतो.

बाकीच्या वाचकांसाठी लिहितो. परदेशी भाषाशिक्षक बोलावणारा सरकारी जेट कार्यक्रम १९८७ पासून आहे, पण आता बरेच शिक्षक खाजगी पुरवठादार कंपन्यांमार्फत येतात. मीही तसाच. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, तिसरी-चौथीला तोंडओळख. त्यामुळे एका शिक्षकाला अनेक शाळा असतात. मला एक माध्यमिक आणि चार प्राथमिक. सोमवार एका शाळेत, मंगळवार दुसऱ्या, अशी फिरती. आपल्याकडच्या केंद्रप्रमुखासारखं म्हणा.

कराराचे तास आठवड्याला साडेएकोणतीस. हा आकडा कुठून आला? तीस तास झाले की कंपनीला आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचा अर्धा वाटा भरावा लागायचा, म्हणून अर्धा तास कमी. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना वीस तासांवरच्या लोकांचाही भरावा लागतो, त्यामुळे ती पळवाट बरीच बुजली. पण ऑगस्टच्या सुट्टीत माझ्या कंपनीचा पगार अजूनही कापलेलाच येतो.

येण्याजाण्याचं चांगलं आहे. जपानात बहुतेक मालक प्रवासभत्ता देतात आणि ठरावीक मर्यादेपर्यंत त्यावर कर लागत नाही. रेल्वेने जाणाऱ्याला तेइकी म्हणजे एक, तीन किंवा सहा महिन्यांचा पास. गाडी उशिरा आली तर स्टेशनवर तसा दाखला मिळतो, तो शाळेत दिला की विषय संपला. कोकण रेल्वेने वाढलेल्या माणसाला ते पहिल्यांदा हातात घेताना कसं वाटलं असेल विचार करा.

पण माझ्या पाचपैकी तीन शाळा डोंगरात आहेत. तिथे रेल्वे नाही, बस दिवसाला तीन. म्हणून पिवळ्या नंबरपाटीची छोटी गाडी घेतली. गाडी चालवायची डावीकडूनच, आणि आपला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे पहिलं वर्ष चालतो. पुढे जपानी परवाना करून घ्यावा लागतो, भारतीयांना लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा आहे. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षा दहाऐवजी पन्नास प्रश्नांची झाली. दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी, ती महाग असते. कंपनी किलोमीटरमागे पैसे देते पण गाडी, विमा, तपासणी सगळं माझं.

रस्ता मात्र सुंदर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उतारावर संत्र्याच्या बागा, मिकान म्हणतात. दगडी बांध रचून केलेल्या. पहिल्यांदा बघितल्या तेव्हा गाडी कडेला लावून आईला फोन केला, आपल्या कलमांच्या बागा आठवल्या.

खेडवाली
जेटीपार ताई, मी खेडची, लग्नानंतर शारजात. नऊ वर्षं दुबईतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तुमचं ओमानचं आहे, पण आखाताची रीत थोडीफार सारखी म्हणून लिहिते.

पगारावर आयकर नाही, ही मोठी गोष्ट. सुट्टीच्या जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे पगार येतो. पण नेमणुकीच्या पत्रात 'बेसिक' किती लिहिलंय ते बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्याच्यावर असते. इथे पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. माझ्या पहिल्या शाळेने एकूण पगार चांगला दाखवून बेसिक इतकं कमी ठेवलं होतं की चार वर्षांनी हातात आलेल्या रकमेत मुंबईचं तिकीट आणि थोडं सोनं एवढंच झालं. तेव्हा मला कोणी सांगणारं नव्हतं.

आता प्रवास. शारजात भाडं कमी, म्हणून राहायचं शारजात आणि शाळा दुबईत. नकाशावर अंतर २५ किलोमीटर. शाळेची बस मला ५ वाजून १० मिनिटांनी घेते. का इतक्या लवकर? कारण साडेसहानंतर तो रस्ता हलत नाही. आणि बसमध्ये शिक्षक म्हणजे फक्त प्रवासी नाही, मुलांना चढवणं, उतरवणं, मोजणं, उलटी झाली तर पुसणं, सगळं आमच्याकडे. येताना सगळी मुलं सोडून माझा थांबा शेवटून दुसरा. दुपारी अडीचला शाळा सुटते, घरी सव्वाचार. रोज साडेतीन तास बसमध्ये, त्यातला एक तास झोप आणि बाकी वह्या. शाळा म्हणते "वाहतूक मोफत". खरंच मोफत आहे, पण ते कामाचे तास आहेत आणि कामात धरले जात नाहीत.

याच कारणाने माझ्या मैत्रिणीने थोडा कमी पगार घेऊन शारजातलीच शाळा धरली. तिथे २०२२ पासून शुक्रवार-शनिवार-रविवार सुट्टी, आठवडा चार दिवसांचा. ती चारला चहा पिऊन मुलीचा अभ्यास घेत असते, मी तेव्हा बसमध्ये असते. आज परत निवडायचं असतं तर मी तिचं केलं असतं.

पासपोर्ट शाळेकडे ठेवायला मागितला तर देऊ नका, ते बेकायदा आहे. व्हिसाचा खर्चही इथे मालकाने करायचा असतो.

गुरुजी_मालवण
बाय माझे, मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेत शिकवलं, त्यातली अकरा होडीने ये-जा करून. तुझं लिहिणं वाचून रात्री झोप लागली नाही.

तू जाऊ नकोस असं म्हणणार नाही. पण एक सांगतो. आपल्या किनाऱ्यावर पटसंख्येपायी शाळा मिटत चालल्यात, आणि ज्या उरल्यात तिथे इंग्रजीला धड माणूस नाही. शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० झालं. आधी ते ६, ८ आणि ९ हजार होतं. कमी आहे हे मान्य, पण तीन वर्षांनी पूर्ण वेतनश्रेणी असते. पवित्र पोर्टलवरून भरतीचा प्रयत्न केलास का? तुझ्यासारख्या मुली गेल्या तर खाडीपलीकडच्या त्या पोरांनी कोणाकडे बघायचं?

जेटीपार
गुरुजी, तुम्ही विचारलंत म्हणून मनातलं सांगते. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दोनदा दिली. गुण बरे होते, माझ्या विषयाला आणि प्रवर्गाला जागा निघाल्या त्या जिल्ह्याबाहेर, आणि माझ्या आधी यादी संपली. तिसऱ्यांदाही देईन. पण मुलांकडे बघा असं मला सगळे सांगतात, आणि मी बघतेच आहे. बोट बंद असते तेव्हा मी मुलांना फोनवर धडा समजावते, त्याची तासिका कोणी मांडत नाही. मुलांवर प्रेम असणाऱ्याने फुकट काम करावं ही अपेक्षा मला आता पेलत नाही.

खेडवाली ताई, तुमच्या ५.१० च्या बसने माझे डोळे उघडले. मी पगाराला तीस दिवसांनी भागत होते. काल रात्री वही घेऊन घर ते घर तासांनी भागलं. माझ्या आजच्या कामाचा ताशी आकडा इतका लहान निघाला की तो इथे लिहीत नाही. थायलंडचा आकडाही, दोन महिने बिनपगारी आणि एजंटाचे पैसे धरून, वाटला होता त्याहून बराच खाली आला. एजंटाला आज नाही म्हणून कळवलं.

गुरुजी_मालवण
तुझं खरं आहे. तासिका न मांडता शिकवायला आम्हीच एका पिढीने लावलं, मोठेपणा म्हणून. माझा आधीचा प्रतिसाद तुला बोचला असेल तर मनातून काढून टाक. ओमानची चौकशी नीट कर.

सोहारकर
ओमानबद्दल मी लिहितो. मूळ वेंगुर्ल्याचा, आता सोहारमध्ये, पत्नी इथल्या भारतीय शाळेत, मी बंदरात. सात वर्षं झाली.

शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी आठवडा सुरू. शाळा सकाळी सात ते दुपारी दीड-दोन. वर्ष एप्रिल ते मार्च, आणि उन्हाळ्याची सुट्टी आपल्यासारखी मेमध्ये नसून जून-जुलैच्या उन्हात. त्या महिन्यांचा पगार पत्नीला मिळतो, पण पहिल्या वर्षी मध्येच रुजू झाली म्हणून कापून मिळाला होता. हे लेखी विचारून घ्या.

मस्कतबाहेर शहरातल्या शहरात बस फारशी नाही. शिक्षिकांना शाळेची गाडी किंवा टॅक्सी, यापलीकडे पर्याय नाही. गाडी उजव्या बाजूने चालते, भारतीय परवान्यावर इथे राहून गाडी चालवता येत नाही, परीक्षा देऊन नवा काढावा लागतो. पत्नीला तो मिळेपर्यंत अकरा महिने गेले. तोवर दवाखाना, बाजार, सगळं माझ्या सुट्टीवर. एकटी येणार असाल तर शाळेपासून चालत जाता येईल असं घर मागा, पगारापेक्षा हे आधी मागा.

आणि पाऊस. वर्षातून चार-सहा दिवसच, पण वादी भरते. वादी म्हणजे आपल्या व्हाळासारखी, एरवी कोरडी असते आणि डोंगरात पाऊस पडला की घटकाभरात गाडी वाहून नेते. भरल्या वादीत गाडी घालणं इथे गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन वादळ याच बातिना किनाऱ्यावर आलं तेव्हा सुवैक, खाबूराकडे घरांत छातीएवढं पाणी होतं. शाळा बंद ठेवली तर त्या दिवसाचा पगार कापत नाहीत. तुमच्या बंद बोटीच्या तासिकेशी ताडून बघा.

कागदांचं: ओमान अपोस्टिल मानतं, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का झाला की वकिलातीत वेगळं जायला नको. यू.ए.ई.ला मात्र वकिलातीचंही लागतं.

कातळावरचा
एक राहिलं होतं. पुढे कोणी एजंट आलाच तर ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये अधिक जी.एस.टी. यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. १ लाख २० हजार मागणारा तिथेच उघडा पडतो.

जेटीपार
सगळ्यांचे मनापासून आभार. ओमानच्या शाळेला पत्र लिहिलं होतं, आज उत्तर आलं म्हणून लिहिते.

मी विचारलं होतं: मूळ पगार किती, जून-जुलैचा पगार पहिल्या वर्षी मिळणार का, घर शाळेपासून किती लांब, बस किती वाजता घेते आणि किती वाजता सोडते, बसमध्ये मुलांची जबाबदारी माझ्यावर असेल का, आणि असेल तर ती कामाच्या तासांत धरली जाईल का. शेवटचा प्रश्न लिहिताना हात थांबला होता. नोकरी मागणाऱ्याने असं विचारायचं नसतं असं आपल्याला शिकवलेलं आहे. तरी लिहिला.

उत्तर असं आहे. घर दोन शिक्षिकांमध्ये मिळून, शाळेपासून दीड किलोमीटर. बस ६.२५ ला. परतीला २.२०. बसची पाळी आठवड्यातून दोन दिवस, त्या दोन दिवशी शेवटची तासिका माफ. पहिल्या वर्षीची सुट्टी कामाच्या महिन्यांच्या प्रमाणात पगारी. मूळ पगार एकूण पगाराच्या साठ टक्के.

बाबांना वाचून दाखवलं. ते मासेमारीवर आयुष्य काढलेले, कागदावरचं फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "दीड किलोमीटर म्हणजे चालत गो, बोट नको."

हो म्हणून कळवलं आहे. सध्याच्या महाविद्यालयाला वर्ष संपेपर्यंत थांबेन असं सांगितलंय, बारावीची मुलं मध्ये सोडायची नाहीत. गुरुजी, माझ्या जागी येणाऱ्यासाठी मी बोट बंद असलेल्या दिवसांची तासिका धरावी असा अर्ज प्राचार्यांना दिला आहे, पाच वर्षांच्या तारखा जोडून. त्यांनी तो पुढे पाठवला.

आता पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रं अपोस्टिलला पाठवायची आहेत.

खेडवाली
साठ टक्के बेसिक चांगलं आहे ग, घे. आणि प्रमाणपत्रांना लॅमिनेशन केलं असशील तर पाठवायच्या आधी विद्यापीठातून दुसरी प्रत मागव. लॅमिनेशनवर शिक्का उठत नाही म्हणून माझी परत आली होती, आणि मी ते घरी सोलायला गेले तर सहीच निघून आली. दुसऱ्या प्रतीला वेळ लागतो, अर्ज याच आठवड्यात टाक.